मदत हवी आहे: सगळे रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. पेरिमेनोपॉज (पाळी जाण्याआधीचा काळ) समजणारी डॉक्टर ठाणे-ऐरोलीत कोणी आहे का?

निशिगंध_ऐरोली
कृपया लवकर सांगा, फार कंटाळले आहे. रात्री तीनला टक्क जाग येते, छातीत धडधड, मान पाठ घामाने चिंब, पंखा पाचवर आणि शेजारी नवरा चादर ओढून गाढ झोपलेला. नंतर पाचपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सकाळी बोटं आखडलेली, डब्याचं झाकण उघडत नाही. मी अकाउंट्सला आहे आणि परवा साहेबांसमोर बोलताना साधा क्रेडिट नोट हा शब्द आठवेना, समोरचे सगळे बघत बसले. घरी चिडचिड एवढी की मुलगी हल्ली बाबालाच सगळं सांगते, मला नाही.
फॅमिली डॉक्टरांनी हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल. हाडांच्या डॉक्टरांनी डी व्हिटॅमिन दिलं. मग झोपेची गोळी. शेवटी मीच वाचून गायनॅकला विचारलं की पेरिमेनोपॉज असेल का, तर म्हणाल्या पाळी येते ना मग कसला मेनोपॉज. एफएसएच (पाळीच्या हार्मोनची रक्ततपासणी) करायला लावली, नॉर्मल आली, विषय बंद. बाहेर निघताना वर म्हणाल्या योगा करा, मन रमवा.
मला फक्त नाव हवंय जी नीट ऐकून घेईल. ऐरोली, ठाणे, वाशी कुठेही चालेल.

घोडबंदरकर
वय किती? शेवटची पाळी कधी? थायरॉइड, बीपी, शुगर? कुठल्या गोळ्या चालू आहेत? काहीच लिहिलेलं नाही, लोक सांगणार काय?

निशिगंध_ऐरोली
वय 44. पाळी येते. थायरॉइड नॉर्मल. बाकी काही नाही. नाव सांगा ना कोणीतरी.

खारघर_टेकडी
ताई, आधी चालायला लागा. मी 46 ची आहे, रोज पहाटे सेंट्रल पार्कला जाते आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलते. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, कमी झालं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तिथे नुसतं चालून भागत नाही, वजनं पाहिजेतच. माझी झोप व्यायामाने सुधारली. डॉक्टरांच्या मागे लागून काही होत नाही.

सुखदा_नौपाडा
@खारघर_टेकडी, व्यायाम चांगलाच आहे पण जी बाई रात्री तीन ते पाच जागी असते तिला पहाटे चालायला जा म्हणणं बरोबर नाही हो.
निशिगंध, तुझं वाचून माझेच दिवस आठवले. माझा तर खांदा धरला होता, हात वर जाईना, ब्लाऊजचे हूक लावता येईनात. फ्रोझन शोल्डर म्हणून महिनोन्महिने शेक घेतले, पाळीशी काही संबंध असेल असं एकानेही विचारलं नाही.
तुझ्या डॉक्टरांचं म्हणणं पटत नाही. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणतात. पेरिमेनोपॉज म्हणजे त्याच्या आधीचा काळ, त्यात पाळी येतच असते, फक्त तिची घडी विस्कटते. हा काळ साधारण चारेक वर्षं चालतो, काहींना आठ-दहा पण. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे, म्हणजे 44 ला सुरू होणं अगदी वेळेवर आहे. आणि एफएसएच या काळात आज वर उद्या खाली असते, एका नॉर्मल रिपोर्टवरून नाही म्हणता येत नाही. ब्रिटनच्या नाईस या आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत 2015 पासून आहे की 45 च्या पुढच्या बाईला लक्षणांवरून ओळखा, त्यासाठी एफएसएच करत बसू नका. तू 45 च्या उंबरठ्यावर आहेस.
मी आता इस्ट्रोजेनचं जेल लावते आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी घेते. पहिल्या महिन्यातच रात्रभर झोप लागायला लागली. मागून घे सरळ.

आजीचा_बटवा
हार्मोनच्या नादी लागू नका!! कॅन्सर होतो त्याने. माझ्या वहिनींना पाच वर्षं झाली, शतावरी कल्प दुधातून आणि अशोकारिष्ट, दुसरं काही नाही, ठणठणीत आहेत. उष्णता वाढलेली आहे अंगात, सब्जा, गुलकंद सुरू करा, मसालेदार बंद.

सुखदा_नौपाडा
कॅन्सरची भीती 2002 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. आणि जादा ब्रेस्ट कॅन्सर होता तो वर्षाला 10,000 बायकांमागे साधारण 8. धोका नाही असं मी म्हणत नाही, पण साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त असं आता डॉक्टरच म्हणतात. त्या एका बातमीने एका अख्ख्या पिढीने घाम पुसत रात्री काढल्या, याचं मला खूप वाईट वाटतं.

आजीचा_बटवा
10,000 मागे 8 असेल, पण त्या आठात आपली बाई निघाली तर? आयुर्वेद हजारो वर्षं जुना आहे. ज्याचा त्याचा प्रश्न.

कळवा_स्लो
माझ्या मिसेसना सेम धडधड व्हायची, गॅस निघाला. रात्रीचं जेवण साडेसातला करा आणि ओवा. बाकी हार्मोन वगैरेचं माहीत नाही.
अवांतर: ऐरोलीहून ठाण्याला लोकलने येत असाल तर लेडीजमध्ये गर्दीत घाम येणारच, ट्रान्स हार्बरला एसी लोकल पाहिजेत.

घोडबंदरकर
लोकलसाठी वेगळा धागा आहे.

मोतिया_ठाणे
चेहऱ्यावर वांग येत असतील तर सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा, माझे तरी बाकी कशाने गेले नाहीत, मी सगळं करून बघितलंय.

निशिगंध_ऐरोली
वांग नाहीयेत. गॅस नाहीये. मी नाव विचारलं होतं.

सिस्टर_वाशी
मी गायनॅक वॉर्डला बरीच वर्षं नोकरी केली आहे. ताई, रागावू नका, नाव मिळेल. पण आधी सांगा: दोन पाळ्यांत अंतर किती? रक्तस्राव किती दिवस, पॅड किती वेळाने बदलावं लागतं, रक्ताच्या गाठी पडतात का? हिमोग्लोबिन? शेवटची सोनोग्राफी कधी? केसांच्या, वजनाच्या, कसल्याही गोळ्या? गर्भनिरोधक काय वापरता? "पाळी येते" एवढं ऐकून डॉक्टर जशा थांबल्या तसे आपण इथे थांबायला नको.

निशिगंध_ऐरोली
अंतर पूर्वी 28 ठरलेलं. आता कधी 22, कधी 35. रक्तस्राव आठ-नऊ दिवस. पहिले दोन दिवस रात्रीचा मोठा पॅड तासा दीड तासाने बदलावा लागतो, गाठी पडतात, त्या दिवसांत ऑफिसला काळी पँटच घालते आणि खुर्चीवर ओढणी घडी करून ठेवते. पण या वयात सगळ्यांचं असंच होतं ना, आई पण हेच म्हणते, म्हणून लिहिलं नाही. हिमोग्लोबिन मागच्या दिवाळीत 8.9 होतं, लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, बंद केल्या. सोनोग्राफी दुसऱ्या बाळंतपणानंतर नाही. केसांसाठी बायोटिन घेते. गर्भनिरोधक काही नाही, आता काय राहणार.

सिस्टर_वाशी
ताई, मुख्य गोष्ट हीच आहे. तासाला पॅड भरणं आणि गाठी, हे "वयानुसार" म्हणून सोडून द्यायचं नसतं.
बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. 8.9 ला जिना चढताना धडधड होते, थकवा येतो, डोकं चालत नाही, केस पण गळतात. म्हणजे तुमच्या धडधडीला दोन कारणं असू शकतात, पेरिमेनोपॉज आणि रक्त कमी असणं. रात्रीचा घाम आणि 22-35 चा लपंडाव मात्र रक्त कमी असल्याने होत नाही, तिथे सुखदाताईंचं बरोबर आहे. लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात वरचेवर सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडायला लागला की पेरिमेनोपॉजची सुरुवात धरतात.
सीबीसी (हिमोग्लोबिनची रक्ततपासणी) पुन्हा करा, सोबत फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. लोहाच्या गोळ्या एक दिवस आड घेतल्या तर पोटाला सोसतात आणि अंगी पण नीट लागतात, वर लिंबूपाणी, चहा तासभर लांब. तरी नाही सोसल्या तर शिरेतून लोह देतात. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, लॅबला पण सांगा. पोटाची सोनोग्राफी हवीच, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) आहे का, गर्भाशयाचं अस्तर किती जाड आहे ते कळतं. गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासतात, ओपीडीतच होतं, घाबरू नका.
हे होईपर्यंत हार्मोन सुरू करायचे नाहीत. रक्तस्रावाचं कारण न शोधता देतच नाहीत. आणि हो, या काळात दिवस राहू शकतात. पाळी उशिरा आली तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा.

तुळस_जांभळी
एवढा त्रास आहे तर पिशवी काढून टाका ना. दोन मुलं झाली, आता तिचा उपयोग काय. माझ्या दोन्ही जावांनी काढली, मोकळ्या झाल्या.

सुखदा_नौपाडा
कृपा करून असं नका सांगू कोणाला. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या, तिशीतल्या बायकांच्या पिशव्या अंगावरून जातं, पाळी जास्त येते म्हणून काढल्या होत्या. सोबत अंडाशय काढलं तर दुसऱ्या दिवसापासून मेनोपॉज, सगळी लक्षणं एकदम. आधी करण्यासारखं किती आहे. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, किंवा मिरेना, म्हणजे गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन. माझ्या धाकट्या बहिणीने मिरेना बसवली, सुरुवातीचे काही महिने थेंब थेंब चालू होतं, नंतर पाळी नावालाच उरली.

तुळस_जांभळी
मी माझ्या घरचं सांगितलं. जावांना खरंच बरं वाटतंय. त्यांच्या मोठ्या गाठी होत्या.

सिस्टर_वाशी
मोठे फायब्रॉइड असतील तर ऑपरेशन योग्य असतंच, तुळसताईंच्या जावांचं चुकलं असं नाही. पण तो शेवटचा पर्याय.

घोडबंदरकर
डॉक्टर ऐकत नाहीत याबद्दल माझ्या बायकोच्या वेळचं सांगतो, मी प्रत्येक वेळी सोबत होतो. तिने "झोप येत नाही, चिडचिड होते" म्हटलं की समोरून टेन्शन शब्द ठरलेला. मग आम्ही साधी वही केली. तारीख, पाळी, पॅड किती, रात्री किती वाजता जाग, घाम हो नाही, धडधड हो नाही, एका ओळीत एक दिवस. तीन महिन्यांची पानं समोर ठेवली आणि तिने पहिलं वाक्य हे बोललं की रक्तस्राव वाढलाय, झोप मोडते, कामावर चुका होतात. डॉक्टरांनी पान उलटून बघितलं आणि पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. तुम्ही तीन महिने थांबू नका, आठवतं तेवढं मागचं आज लिहा. आणि नाही म्हणाले तर शांतपणे विचारा, मग हे दुसरं कशामुळे असेल आणि ते कसं तपासायचं, ते केसपेपरवर लिहून द्या. मी सोबत होतो याचाही फरक पडला हे वाईट आहे, पण पडला. कोणालातरी घेऊन जा.

सुखदा_नौपाडा
पूर्ण अनुमोदन. आणि मनाची लक्षणं शेवटी सांग. ती खोटी असतात म्हणून नाही, ती आधी सांगितली की पुढचं कोणी ऐकत नाही म्हणून. माझ्या डॉक्टरचं नाव तुझ्या विपूत (विचारपुशीत) टाकलं आहे, ठाणे स्टेशनहून चालत जाता येतं. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांग की मेनोपॉजसाठी वेळ हवा आहे, म्हणजे घाईत उरकत नाहीत.

आजीचा_बटवा
शतावरी घेत असाल तर ते पण सांगा डॉक्टरांना, लपवू नका. काळजी घ्या. रक्ताचं आधी बघा, ते मला पण पटलं.

निशिगंध_ऐरोली
विपू मिळाली सुखदाताई. शनिवारची वेळ घेतली आहे. आज दुपारी ऑफिसजवळच्या लॅबमध्ये सीबीसी आणि फेरिटिन देऊन आले, थायरॉइड बायोटिन बंद करून मंगळवारी देणार. वही लिहायला घेतली, ऑफिसच्या कॅलेंडरवर पाळीच्या खुणा होत्या म्हणून गेल्या आठ महिन्यांचं सापडलं, एकामागून एक लिहिल्यावर 22, 35, 24, 31 असं दिसतंय. नवऱ्याला वाचायला दिलं. तो येतोय शनिवारी.
पॅडचं कोणी कधी विचारलंच नव्हतं मला, इतक्या जणांनी तपासलं तरी.

सिस्टर_वाशी
फेरिटिनचा आकडा आला की इथे लिहा. मधेच चक्कर आली, किंवा तासाला एक पॅड असं लागोपाठ दोन-तीन तास झालं तर शनिवारची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला जा.

पारिजात_नेरुळ
मला पण अगदी सेम होतंय, घाम, झोप नाही, पाळी चार महिने आलीच नाही. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. वय 38. मी पण वही करू का?

सिस्टर_वाशी
पारिजात, वही कराच पण तुमचं वेगळं आहे. चाळिशीच्या आत असं झालं तर पेरिमेनोपॉज म्हणून थांबायचं नाही. तिथे एफएसएच उपयोगी पडते, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनची तपासणी पण. अंडाशयाचं काम लवकर थांबत असेल तर हाडांसाठी आणि हृदयासाठी उपचार लागतात. वेगळा धागा काढा आणि पहिल्याच ओळीत वय, शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्या लिहा, मी बघते.