शाळेत एनएमएमएसचा जादा तास फक्त मुलांना: तक्रार कुठे आणि कशी करायची? (मदत हवी आहे)

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातली. तालुका, गाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की शाळा ओळखू येईल, आणि शाळेतले निम्मे सर आमच्या भावकीतलेच आहेत. मी सध्या नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे, ती आठवीत. शाळा खाजगी संस्थेची, अनुदानित, आमच्या गावापासून सात किलोमीटरवर.

जुलैपासून शाळेत एनएमएमएसचे जादा तास सुरू झाले. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, आठवीत ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड यादीत नाव आलं तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. तीन एकर कोरडवाहूवर चालणाऱ्या घरात ४८ हजार म्हणजे काय, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. तास संध्याकाळी सव्वापाच ते साडेसहा. पहिल्याच दिवशी सर वर्गात येऊन म्हणाले, "पोरींनी थांबायचं नाही. उशीर होतो. काही झालं तर जबाबदारी कोण घ्यायची?" झालं. पोरींनी दप्तरं उचलली आणि निघाल्या.

मला हे पोळ्याला घरी गेले तेव्हा कळलं, तेही तक्रार म्हणून नाही. बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, हे आरशातल्या प्रतिमेचं समजून सांग. आम्हाला शिकवीत नाहीत." आम्हाला म्हणजे कोणाला, विचारलं. म्हणाली, "पोरींना." इतकं साधं म्हणाली की मला आधी काही सुचलंच नाही.

मग एकेक निघत गेलं. मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं, चावी शिपायाकडे. बाप्या माणसाकडे चावी मागायची लाज, म्हणून पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संस्थेचे कोणी पाहुणे आले की आठवी-नववीच्या पोरींना तास सोडून ताट घेऊन ओवाळायला उभं करतात. स्टाफरूम झाडायलाही त्याच. मीही याच शाळेत होते. खरं सांगायचं तर मला ओवाळायला उभं केलं की भारी वाटायचं. गणिताचा तास बुडायचा म्हणून तर जास्तच.

वडील म्हणतात, शाळेशी वाकडं घेऊ नको, तिला अजून दोन वर्षं तिथंच काढायचीत, दहावीचे तोंडी परीक्षेचे वीस मार्क त्यांच्याच हातात. आई म्हणते, "लेकराला काऊन पुढं करायली? तूच शिकव की फोनवर." शिकवते. रेंज असेल तेव्हा.

हे जे चाललंय ते नियमाविरुद्ध आहे का, की शाळेची मर्जी? असेल तर अर्ज कोणाला लिहायचा? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बहिणीचं नाव पुढे न येता हे करता येतं का?

खडकाळ_रान:

आमच्याकडे हिंगोलीत शाळेची सहल फक्त मुलांची गेली होती. मुलींना "पुढच्या वर्षी" सांगितलं. पुढच्या वर्षी त्या शाळा सोडून गेल्या होत्या. वाचतोय.

चावडीवरचे_गुरुजी:

पोरी, मी ३४ वर्षं शिक्षण खात्यात काढली, शेवटची काही केंद्रप्रमुख म्हणून. कायद्याचं वकील मंडळी सांगतील. मला आधी एवढंच सांग: बहीण कशाने जाते-येते, आणि शाळा भरते किती वाजता?

गोदाकाठची:

मानव विकासच्या निळ्या गाडीने (शाळेच्या मुलींसाठीची मोफत एसटी), गुरुजी. सकाळी साडेनऊला पोचते, संध्याकाळी पाच-दहाला सुटते. शाळा साडेदहाला भरते. सायकल मिळाली नाही, ती पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना देतात म्हणे.

चावडीवरचे_गुरुजी:

मग तुझं उत्तर त्या गाडीतच आहे. साडेनऊ ते साडेदहा पोरी ग्राउंडवर बसून काय करतात? काही नाही. अर्जात "मुलींना थांबू द्या" असं लिहू नको. तसं लिहिलंस की ते "जबाबदारी कोण घेणार" विचारणार आणि गावातले पन्नास लोक माना डोलावणार. "तास शाळेच्या आधी घ्यावा, म्हणजे सर्वांना बसता येईल" असं लिही. याला नाही म्हणायला त्यांना कारणच शोधावं लागेल. सकाळी जमत नसेल तर शाळेच्या लेटरहेडवर आगारप्रमुखाला पत्र द्या म्हणावं, गाडी तासाभराने सोडा म्हणून. गाडी मुलींच्या शाळेसाठीच आहे, पण आगारवाले स्वतःहून वेळ बदलत नसतात.

आता नावाचं. एकीचा अर्ज कधीच करू नये, एकीचा अर्ज म्हणजे एकीचं नाव. पाच-सात आयांच्या सह्यांचा अर्ज कर. अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया, हे कायद्यातच आहे. कागदावर ती असतेच. एखाद्या बाईला ती समितीत आहे हे ठाऊकच नाही, असं मी किती शाळांत पाहिलंय! यादी बघायला माग. शिवाय १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती आहे. तुमच्या अंगणवाडीच्या बाई तिच्यात असतील, त्यांना विचार.

अर्जाच्या दोन प्रती कर. एकीवर आवक नंबर, शिक्का, तारीख घे. शिक्का देत नसतील तर भांडू नको, स्पीड पोस्टाने पाठव. तोंडी सांगितलेलं शाळेत वाऱ्यावर जातं.

तारखेवर_तारीख:

संभाजीनगरला खंडपीठात वकिली करतो. गुरुजींचा रस्ता आधी वापरा. तो बंद झाला तर हे उपयोगी पडेल.

शाळेत मुलगा-मुलगी भेद करू नये, असा एकाच नावाचा कायदा आपल्याकडे नाही. तुकड्यातुकड्यांत आहे. घटनेचं कलम १५(१) लिंगावरून भेदभाव करायला राज्याला मनाई करतं. मुलींसाठी वेगळ्या सवलती चालतात, कारण १५(३) तशी मुभा देतं. निळी गाडी त्यातलीच. अनुदानित संस्थांच्या प्रवेशाबद्दल २९(२) आहे, पण त्यात धर्म, वंश, जात, भाषा आहे, लिंग नाही. हे बऱ्याच वकिलांच्याही लक्षात नसतं. म्हणून अर्जात २९(२) लिहू नका. चुकीचं कलम दिसलं की समोरचा नेमकं तेच धरून बसतो.

तुमची बहीण आठवीत आहे हे बरं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे, नववीत गेली की तो हातातून सुटतो. त्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मार्कांची भीती म्हणाल तर कलम १७: शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. तक्रार केल्यावर कोणी टोमणे मारले, वर्गात उभं केलं, तर तारखेसह वहीत लिहून ठेवा.

जादा तास ऐच्छिक आहे, असं शाळा म्हणेल. म्हणू द्या. इमारत शाळेची, सर अनुदानाच्या पगारावरचे, उपक्रम शाळेचा, तर तो मुलगी आहे म्हणून नाकारता येत नाही, हा तुमचा मुद्दा. पण खरं सांगू? तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा बाथरूमचा आहे. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हे त्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे, आणि सगळ्या शाळांत ती बांधा असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा आदेशही आहे. कुलूप लावलेलं बाथरूम म्हणजे नसलेलं बाथरूम. तो मुद्दा अर्जात वर घ्या.

आणि इथे पॉक्सो, विशाखा यांची नावं घेऊ नका, ते लैंगिक छळासाठी आहेत. उद्या तसं काही घडलंच तर वाट वेगळी: पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. मुख्याध्यापकाने कळूनही न कळवणं हाच तिथे गुन्हा होतो. पॉक्सो मुलींसारखाच मुलग्यांनाही लागू आहे, हेही सांगून ठेवतो.

खडू_फळा:

मी बीड जिल्ह्यात अनुदानित शाळेवर आहे. दगड मारायच्या आधी ऐकून घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली (शाळेतच लहान मुलींवर अत्याचार), तेव्हापासून आम्हाला सीसीटीव्ही, तक्रारपेटी, समित्या, अहवाल यातून श्वास घ्यायला वेळ नाही. संध्याकाळी साडेसहाला पंधरा मुली फाट्यावर उभ्या आणि काही घडलं, तर निलंबित कोण होतं? आम्हीच. त्या सरांनी मुलींचा द्वेष म्हणून केलं नसावं, भीतीपोटी केलं असावं. जादा तासाचा आम्हाला रुपया मिळत नाही.

तरी त्यांचं चुकलंच. भीती वाटत असेल तर तास बंद करावा किंवा वेळ बदलावी. अर्ध्या वर्गाला बाहेर काढणं सगळ्यात सोपं पडतं, म्हणून तेवढंच केलं जातं.

रोखठोक_७१:

एवढ्यातेवढ्यावरून तक्रारी. पोरींची काळजीच घेतात ना? उद्या काही झालं तर हेच लोक शाळेला धारेवर धरतील.

जिरेमोहरी:

रोखठोक दादा, पोरगी दिवसभर पाणी न पिता बसते ती कोणाची काळजी? माझ्या लेकीला लघवीच्या जंतुसंसर्गाने सातवीतच दवाखाना दाखवला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शाळेत बाथरूमला जाते का? ताई, बाथरूमचं आधी लिहा. पाळीच्या दिवसांत तर पोरी घरीच राहतात आणि गुरुजन म्हणतात, मुलींची हजेरी कमी.

दूरदेशी_लातूरकर:

मुलं अमेरिकेत सरकारी शाळेत आहेत. तिथे १९७२ चा 'टायटल नाइन' म्हणून कायदा आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात लिंगावरून कोणालाही उपक्रमातून वगळता येत नाही. आमच्या लेकीच्या शाळेत मुलींच्या खेळांचं मैदान दुय्यम आहे म्हणून पालकांनी त्यावरच बोट ठेवलं होतं. तिथेही कायदा असून भांडावं लागतंच, एवढंच.

तारखेवर_तारीख:

@दूरदेशी, तत्त्व तेच, सरकारी पैसा घेता तर भेद करू नका. पण ताईंनी अर्जात अमेरिका आणू नये. आमचे विस्तार अधिकारी चहा पीत हसतील.

गोदाकाठची:

सगळ्यांचे खूप आभार. रविवारी गावी जातेय. अर्जाचा कच्चा मसुदा लिहिलाय, एकच पान. आधी बाथरूम, मग तासाची वेळ. ओवाळण्याचं लिहू का नको कळेना.

चावडीवरचे_गुरुजी:

नको लिहू. त्यावरून संस्थाचालक दुखावेल आणि बाकीचं दोन्ही बुडेल. पटत नसेल तुला, मलाही पटत नाही. पण एका अर्जात एवढंच मावतं.

गोदाकाठची (तीन आठवड्यांनी):

काय झालं ते सांगते, उशीर झाला त्याबद्दल माफी.

गुरुजी, तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं. अंगणवाडीच्या बाईंनी यादी मिळवली, आणि आमच्या शेजारच्या काकू शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य निघाल्या. दोन वर्षांपासून! त्यांना वाटत होतं, ती सही पोषण आहाराच्या तांदळासाठी घेतली होती. सहा जणींच्या सह्या झाल्या. आईने आधी नाही म्हटलं, मग पाचवी सही तिनेच केली. मी काही बोलले नाही, चहा टाकला.

मी शाळेत गेले नाही, काकू आणि अजून तिघी गेल्या. मुख्याध्यापकांनी पहिलं विचारलं, "हे कोणी लिहून दिलं?" काकू म्हणाल्या, "लिव्हलं कुणी का असंना, सही मही हाय." शिक्का मिळाला.

सोमवारपासून तास सकाळी नऊ-पस्तीसला सुरू झाला. अकरा मुली बसतात. मात्र दोन मुलं सकाळी डेअरीला दूध घालून येतात, त्यांना उशीर होतो. सर आता वर्गात म्हणतात, "बघा, तुमच्यामुळं या पोरांचं नुकसान." खडू_फळा, यावर काही तोडगा असेल तर सुचवा, मला त्या मुलांचंही वाईट वाटतं. टोमण्याची तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

कुलूप अजून आहे. चावी शिपायाकडून काढून शाळेतल्या एकुलत्या एक बाईंकडे दिली. त्या रजेवर असल्या की पुन्हा तेच. जिल्हा परिषदेकडे अर्ज करायचा की अजून महिनाभर थांबायचं, यावर घरात दोन मतं आहेत. वकीलसाहेब, तीन महिने कधीपासून मोजतात, शाळेला अर्ज दिला तेव्हापासून की जिल्हा परिषदेला?

गेल्या गुरुवारी संस्थेचे पाहुणे आले होते. पोरी ताट घेऊन उभ्या होत्या, बहीणही होती.

आता सोयाबीन काढणीला आलंय, आठ-दहा दिवस निम्म्या पोरी तासाला येणार नाहीत, आमचीही त्यात. परीक्षा डिसेंबरात. आरशातल्या प्रतिमा जमायला लागल्या, पाण्यातल्या अजून चुकतात. कोणाकडे मॅट आणि सॅटचे (एनएमएमएसचे दोन पेपर, बुद्धिमत्तेचा आणि शालेय विषयांचा) मराठीतले जुने पेपर असतील तर इथे टाका. फोटो चालतील, पीडीएफ उघडत नाही आईच्या फोनवर.