जांभ्याखालच्या चिकणमातीत पोअर प्रेशर (छिद्रांतल्या पाण्याचा दाब) उड्या का मारतंय?

उतारकाम:
राजापूरकडच्या रस्त्यासाठी डोंगर कापून झालेल्या ८ मीटर उंच कापणीचं संगणकी मॉडेल आहे. वर ४ मीटर जांभा, खाली लिथोमार्जची (खडक कुजून झालेली) चिकणमाती. उष्णता, पाणी आणि विरूपण तिन्ही एकत्र सोडवतोय. मेअखेरपर्यंत ठीक चालतं. जूनचा पाऊस लावला की जांभ्याच्या तळाशी एका नोडला (मॉडेलच्या जाळीतल्या बिंदूला) प्रेशर धन, शेजारच्याला ऋण. एलिमेंट (जाळीचा एक तुकडा) ०.५ मीटरचा, टाइमस्टेप (गणिताचा एक टप्पा) १० मिनिटं, घनीकरण गुणांक सीव्ही (पाणी निघून माती दबण्याचा वेग) वर्षाला ३ चौ.मी. स्टेप १ मिनिटावर आणली तर आणखी बिघडतं.

मेशवाला:
स्टेप कमी केली म्हणूनच बिघडतंय. घनीकरणात टाइमस्टेपला खालचीही मर्यादा असते: एलिमेंटच्या उंचीचा वर्ग, भागिले सीव्हीची ६ पट (व्हर्मीर आणि व्हेरुइट, १९८१). तुमच्या आकड्यांनी ती ५ दिवस येते! १० मिनिटांत दाबाचा बदल अर्ध्या मीटरच्या एलिमेंटमध्ये जेमतेम कडेलाच पोचतो. दाबातला तेवढा तीव्र बदल एलिमेंटला दाखवता येत नाही. जांभा-चिकणमातीच्या सांध्याजवळ एलिमेंट ५ सेंमीचे करा, मर्यादा सव्वा तासावर येईल. सूत्र संपृक्त (छिद्रं पाण्याने पूर्ण भरलेल्या) मातीचं आहे, असंपृक्त भागात अंदाजापुरतंच धरा. एलिमेंटमध्ये विस्थापन क्वाड्रॅटिक (वर्गीय) आणि प्रेशर लिनियर (सरळरेषी) आहे ना, तेही बघा. दोन्ही एकाच दर्जाचे असतील तर मेश (जाळी) बारीक करूनही उड्या पूर्ण जाणार नाहीत.

खाडीकाठ:
उष्णतेबद्दल. ऊन-सावलीचा रोजचा चढउतार साधारण १२ सेंमी खोलीवर एक-तृतीयांश उरतो, वर्षाचा सव्वादोन मीटरवर. सांध्यापर्यंत तो सहाव्या हिश्शावर येतो, त्यामुळे तिथे तापमानाने होणारं प्रसरण गौण. कापणीच्या तोंडाशी मात्र चिकणमाती उघडी असते, तिथे वरचा जांभा आडोसा देत नाही. पाण्याचा चिकटपणा २० अंशांवरून ४० वर गेला की जवळपास ३५ टक्के घटतो, म्हणजे पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) दीडपट. तापमानावरचं ते अवलंबन मॉडेलमध्ये चालू ठेवा. पण उन्हाचं मुख्य काम बाष्पीभवन. मेअखेरचं सक्शन (सुक्या मातीतला पाणी ओढणारा ऋण दाब) त्यावर ठरतं, आणि जूनमध्ये ते संपतं तेव्हा माती ढिली पडते. ते हाताने भरू नका, आदल्या जूनपासून पूर्ण वर्ष चालवून मिळवा.

मेशवाला:
पावसाची सीमाही तपासा. पृष्ठभाग संपृक्त झाला की फ्लक्स (आत शिरणाऱ्या पाण्याचा ठरवलेला दर) सोडून प्रेशर शून्यावर बांधायचं, उरलेलं पाणी वाहून गेलं असं धरायचं. नुसता फ्लक्स ठेवलात तर कापणीच्या तोंडावरच खोटं धन प्रेशर साचतं. आणि जांभ्याला एकसंध पारगम्यता देऊ नका. पाणी त्यातल्या पोकळ्यांतून झटकन उतरतं आणि थेट सांध्यावर साठतं.