जुनी तालीम दुरुस्त करावी की कराटेसाठी जागा करावी? खानदेशात या विद्या वाढत आहेत की ओसरत आहेत?

गिरणाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यातील एका गावाचा ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या मारुती मंदिरामागे जुनी तालीम आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे पत्रे उडाले, आखाड्यातील लाल माती दगडासारखी घट्ट झाली आणि सध्या तेथे कोणीतरी कापसाच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या आहेत. या जागेसाठी थोडा निधी उपलब्ध झाला असून तो कसा वापरावा यावर गावात तीन तट पडले आहेत. ज्येष्ठ मंडळींना तालीम पूर्ववत हवी आहे. तरुण पालकांचे म्हणणे असे की, तालुक्याहून एक शिक्षक आठवड्यातून तीन दिवस येऊन शाळेच्या ओट्यावर कराटे शिकवतात, तेथे मुलांची गर्दी असते, म्हणून माती काढून फरशी करावी. तिसऱ्या गटाच्या मते हे सर्वच मागे पडत चालले आहे आणि पैसा व्यायामाच्या यंत्रांवर खर्च करावा.

ज्या तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली, त्याच तालुक्यात लंगोट बांधणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी उरावीत, याचे मला वाईट वाटते. परंतु केवळ वाईट वाटते म्हणून लोकांचा पैसा खर्च करणे बरे नव्हे. प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी आणि पालकांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

मातीतला माणूस

गिरणाकाठ भाऊ, मी पारोळ्याकडचा. तरुणपणी कुस्ती केली आणि नंतर वीस-बावीस वर्षे मुलांना शिकवले. तालमी कमी झाल्या, हे खरे आहे. पण त्याचे खापर मोबाईलवर फोडणे मला पटत नाही, कारण मोबाईल येण्याच्या पुष्कळ आधीपासून मुले कमी होऊ लागली होती. पैलवानाला पहाटे आणि संध्याकाळी अशी दोन वेळची मेहनत लागते, आणि तिच्यामागे दूध, तूप, बदाम असा खुराक लागतो. पूर्वी घरात दोन म्हशी असत, चार भावांपैकी एकाला घर आखाड्यासाठी मोकळे सोडत असे आणि उरलेले तिघे शेत सांभाळत. आता घरात मुलगाच एक, दूध सकाळी डेअरीत जाते आणि मुलगा शिकवणीला जातो. यात कोणाचा दोष काढणार?

दुसरीकडे पाहिले तर कुस्त्यांच्या दंगली मात्र ओसरलेल्या नाहीत. यात्रेत भांड्यांवर कुस्त्या लागत, ते दिवस मी पाहिले आहेत. जिंकलेला पितळी हंडा डोक्यावर घेऊन आम्ही गावभर मिरवत असू. आता मोठ्या कुस्तीला रोख इनाम लागते, कोल्हापूरचे आणि हरियाणाचे मल्ल बोलावले जातात आणि आखाड्याभोवती उभे राहायला जागा उरत नाही. पण बारकाईने पाहिले तर आपल्या गावची मुले दुपारच्या पहिल्या जोड्यांतच संपून जातात. सायंकाळच्या निकाली कुस्त्या बाहेरच्यांच्या असतात. म्हणजे कुस्ती पाहणारे टिकले आणि करणारे आटले. तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना तालीम हवी आहे की यात्रेतील दंगल, हे एकदा त्यांनाच विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही वस्ताद मंडळींनी फार उशिरा मान्य केली. शालेय स्पर्धा गादीवर, म्हणजे मॅटवर होतात. मातीत प्रतिस्पर्ध्याला चीत केल्याशिवाय निकाल नाही, म्हणून मातीतला मुलगा समोरच्याला दमवतो, संधीची वाट पाहतो. गादीवर वयोगटानुसार दोन किंवा तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात, प्रत्येक डावाला गुण असतात आणि फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळताच कुस्ती तेथेच थांबते. आमचा मुलगा पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायचा विचार करीपर्यंत कुस्ती संपलेली असे. जिल्ह्याच्या स्पर्धेत दोनदा असे हरल्यावर तो पुन्हा तालमीकडे फिरकत नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. गावानेही दोन्हींची सोय ठेवावी, असे माझे मत आहे.

कटा आणि कुमिते

मी जळगावात कराटे शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर कराटेच्या बाजूने असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु जे रोज पाहतो ते सांगणे भाग आहे. प्रवेश निश्चितपणे वाढले आहेत. परीक्षा संपल्या की उन्हाळी शिबिराला ऊन उतरेपर्यंत पालकांची रांग असते. जून लागला की त्यातील निम्मी मुले दिसेनाशी होतात, जी राहतात ती सातवी-आठवीपर्यंत राहतात आणि नववीला शिकवणी सुरू झाली की एकेक गळतो. दहावीनंतर नियमित येणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. म्हणून वर्ग भरलेला दिसला तरी त्यात पाच वर्षे टिकलेली मुले किती, हे मोजल्याशिवाय विद्या वाढली असे मी म्हणणार नाही.

या वाढीमागे पट्ट्यांचा मोठा हात आहे. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा अशा पायऱ्यांमुळे मुलाला दर काही महिन्यांनी काहीतरी मिळवल्याचा आनंद होतो आणि पालकांना फी सार्थकी लागल्याचे समाधान मिळते. त्यात गैर काही नाही. मात्र पट्ट्याच्या परीक्षेची फी हेच उत्पन्न झाले की मुलाला अनुत्तीर्ण करणे शिक्षकाला जड जाते. दोन वर्षांत काळा पट्टा बांधून एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला साधा तोल सांभाळून लाथ मारता येत नव्हती. कोठे शिकला ते लिहित नाही.

पालकांचे दुसरे आकर्षण परीक्षेतील वाढीव क्रीडा गुणांचे आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाचे असते. येथे सावध राहावे. कराटेच्या संघटना अनेक आहेत, आणि हॉलमध्ये भरवलेल्या प्रत्येक ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचे प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही; शिक्षकाला ठरवण्याआधी त्यांची मुले शासनाच्या शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, नाशिक विभाग या क्रमाने खेळली आहेत का, हे विचारावे. ऑलिम्पिकमध्ये कराटे टोकियोत २०२१ साली एकदाच खेळले गेले आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हते. जुदो १९६४ मध्ये तेथे आला आणि १९७२ पासून सलग आहे, तर तायक्वांदो २००० पासून आहे. मुलाला त्या वाटेने न्यायचे असेल तर हा फरक आधीच लक्षात घ्यावा.

आणि फरशीविषयी: सिमेंटच्या जमिनीवर उड्या मारून मुलांचे गुडघे दुखतात. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट घ्याव्यात.

पांझरेकाठची आई

मातीतल्या दादांचे म्हणणे मनापासून पटले, परंतु आतापर्यंत कोणीही न लिहिलेली एक गोष्ट लिहिते. मारुतीच्या तालमीत मुलींना पाऊल ठेवता येत नव्हते. मी धुळ्यात वाढले. आमच्या गल्लीतील तालमीसमोरून शाळेत जाताना आतून शड्डू ऐकू येत असे आणि आम्ही मान खाली घालून पुढे जात असू. माझे दोन्ही भाऊ तेथे जात. मी का जात नाही, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. कराटेचा वर्ग शाळेच्या हॉलमध्ये भरला, तेथे मुलींना पहिल्या दिवसापासून रांगेत जागा मिळाली, आणि आज माझ्या मुलीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली आहेत. कराटे वाढले याचे हे कारण पट्ट्यांइतकेच मोठे आहे, असे मला वाटते.

सरकारी शाळांतून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने मुलींसाठी तीन महिन्यांचे आत्मरक्षण प्रशिक्षण होते, त्याचा उपयोग मुलींची भीड चेपण्यास नक्की होतो. तीन महिन्यांत विद्या येत नाही, हेही खरे. मात्र कुस्तीला मुली नकोत असे आता कोणी म्हणू नये. महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरीही झाली. गिरणाकाठ भाऊ, तालीम दुरुस्त करा, पण आधी गावाकडून एवढे वदवून घ्या की तिच्यात मुली येतील आणि त्यांच्यासाठी वेगळी वेळ किंवा महिला शिक्षक असेल. तसे ठरत नसेल तर निधी शाळेकडे द्यावा, कारण गावाचा पैसा अर्ध्याच मुलांवर खर्च होऊ नये.

सातपुड्याचा पायथा

शहादा तालुक्यातून लिहितो. आमच्याकडे दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात, त्यामुळे गावातील कोणताही वर्ग चार-पाच महिने ओस पडतो. जी मुले आश्रमशाळेत राहतात तीच नियमित खेळतात. तेव्हा इमारतीआधी मुले वर्षभर कोठे असतात ते पाहावे.

गिरणाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ताईंचा मुद्दा मी ग्रामसभेत मांडला. दोन ज्येष्ठांनी नाक मुरडले, पण माजी पैलवान असलेले एक आप्पा उठून म्हणाले की त्यांची नात येणार असेल तर ते स्वतः माती उकरतील, आणि विषय तेथेच मिटला. तालीम आतून मोजली: २२ फूट रुंद आणि ३४ फूट लांब आहे. एवढ्या जागेत माती आणि गादी दोन्ही बसतील का?

मातीतला माणूस

बसणार नाही. स्पर्धेची गादी १२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ ४० फुटांची असते, आणि आतले कुस्तीचे वर्तुळच ९ मीटरचे. लहान मुलांच्या सरावाला एवढी गादी लागत नाही. तालमीत माती राहू द्या आणि गादी शाळेच्या हॉलमध्ये टाका. कराटेचे गुरुजीही तीच वापरतील आणि ओट्यावरची मुले आत येतील.

मातीसाठी फार खर्च करू नका. आहे तीच दीड-दोन फूट उकरून चाळून घ्या, खडे काढा आणि मग तेल, हळद व ताक मिसळून रोज उकरत राहा. पत्रे आधी बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात चिखल होईल. अक्षय तृतीयेपर्यंत छप्पर झाले तर काम वेळेत उरकेल. आणि त्या पऱ्हाट्या लहान मुलांना उचलायला लावू नका, त्यांच्याखाली विंचू असतात.