ज्येष्ठ नागरिक केंद्रामागच्या पट्टीत बाग करायचीय, सुरुवात कुठून करू?

निवांत_गडी:
नमस्कार मंडळी. आमच्या केंद्राच्या मागे एक पट्टी रिकामी पडलीय, साधारण ४० बाय १५ फूट, मोडक्या खुर्च्या आणि गुडघाभर गवत. मी रिटायर झाल्यापासून रोज केंद्रात जातो आणि खरं सांगू का, पत्ते आणि पेपर सोडून तिथे काहीच घडत नाही. म्हणून मीटिंगमध्ये विषय काढला की इथे भाजी लावू, आजूबाजूच्यांनाही बोलावू. माना सगळ्यांनी डोलावल्या, बाहेर पडल्यावर फाटे फुटले. एकाला लॉन हवंय, एक म्हणतो गुडघे गेलेत आता वाकणार कोण, आणि चिटणीस म्हणतात जागा पालिकेची आहे उद्या उठवलं तर. दहाबारा जण तयार आहेत, त्यात दोघं व्हीलचेअरवर. कुणी असं केलंय का?

मातीचा_माणूस:
काका, वाकण्याचा प्रश्न आधी सोडवा, बाकीचं होतं. जमिनीवर वाफे करूच नका, उचललेले वाफे करा. व्हीलचेअरवाल्यांसाठी टेबलासारखा, खालून पाय जातील अशी सव्वादोन फूट मोकळी जागा ठेवून, वरची कड तीन फुटांच्या आसपास. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर रुंदी ४ फूट चालते, भिंतीला टेकून असेल तर २ फुटांच्या पुढे जाऊ नका, पलीकडचं तण काढायला कुणीतरी वाफ्यावर ओणवं होणार आणि पडणार. वाट निदान ३ फूट, आणि खुर्ची वळवायला एका ठिकाणी ५ फूट मोकळी जागा. आणि वाटेवर खडी टाकू नका हो, चाकं रुततात!
पालेभाजीला आठ इंच खोल माती पुरते. पण वजन कमी समजू नका, ४ बाय २ फुटांचा आठ इंच खोल वाफा म्हणजे दीडशे लिटर माती, ओली झाली की २०० किलोच्या आसपास. टेबलाचे पाय तसे हवेत, आणि पुढेमागे कुणी गच्चीचं सुचवलं तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पहिल्या खेपेला मेथी लावा, महिन्याभरात काढायला येते, लोकांचा उत्साह टिकतो.

अर्जबहाद्दर:
चिटणीस बरोबर बोलतायत. तोंडी "करा हो काका, आम्ही आहोत" यावर एक खड्डासुद्धा खणू नका. आधी केंद्राचा ठराव, मग सह्यांचा अर्ज, त्यात किती वर्षांसाठी, पाणी कुठून, बिल कोण भरणार, आणि जागा परत मागितली तर किती दिवस आधी सांगणार हे सगळं लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सह्या मात्र फक्त ज्येष्ठांच्या नकोत, शेजारच्या बिल्डिंगमधल्यांच्या, शाळेतल्या पालकांच्या घ्या, दहा म्हाताऱ्यांचा अर्ज फायलीत झोपतो, दीडशे घरांचा झोपत नाही. आमचं काम तिसऱ्या चकरेला झालं, तेही नगरसेवकांना प्रत्यक्ष जागेवर आणल्यावर.

सासऱ्यांची_सून:
वेगळं बोलते, राग मानू नका. माझे सासरे अशाच एका बागेत जायचे, तिसऱ्या महिन्यात बंद केलं. कारण काय, तर मदतीला आलेली तरुण मंडळी भारी उत्साही, "आजोबा तुम्ही बसा आम्ही करतो". काय लावायचं ते ग्रुपवर ठरायचं, सासऱ्यांकडे स्मार्टफोनच नाही. ते म्हणाले, बसायचंच तर घरी काय वाईट होतं. म्हणून किल्ली, वही आणि काय पेरायचं तो निर्णय ज्येष्ठांच्या हातात ठेवा, बाहेरच्यांनी फक्त पोती उचलावीत. ज्याला उभं राहवत नाही त्याला बिया निवडायला, पाट्या लिहायला, पाण्याची पाळी लावायला द्या, ती कामं काही कमी नाहीत.
आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ग्लोव्हज घालायला लावाच, खुरप्याचं कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलंय का तेही विचारा.

मातीचा_माणूस:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी पण तोच "बसा आजोबा" वाला आहे बहुतेक 😅

निवांत_गडी:
सगळ्यांचे आभार. आज चिटणीसांना वाचून दाखवलं, ठरावाचा मसुदा तेच लिहितायत, म्हणजे आता विरोध करायला मोकळे नाहीत 😄 लॉनवाल्यांना पाण्याचा हिशोब करायला बसवलंय. आता मला एवढंच सांगा, भाजी निघाली की वाटायची कशी? आत्ताच दोघांत जुंपलीय, एक म्हणतो वाफा ज्याचा भाजी त्याची, दुसरा म्हणतो सगळी एकत्र. अजून बी पडलेलं नाही बरं का.

अर्जबहाद्दर:
अर्धे वाफे नावावर, अर्धे सामायिक, आणि सामायिकची भाजी त्या दिवशी पाणी घालायला आला असेल त्यालाच. आमच्याकडे भांडणं त्यानेच मिटली. म्हणजे कमी झाली.