हाताने बनवलेली कस्टम सुरी घेताना नेमकं काय बघायचं?

खलबत्ता: मंडळी, किचनसाठी एक चांगली सुरी बनवून घ्यायचीय. एका कारागिराने फोटो पाठवलेत, पात्यावर दमास्कसची (लाटांसारख्या रेषांची) नक्षी आहे आणि कागद सरसर कापतानाचा व्हिडिओपण आहे. दिसायला भारीच आहे, पण पैसे देण्याआधी त्याला काय विचारू?

ऐरण: कागदाच्या व्हिडिओवर अजिबात जाऊ नका, दगडावर नीट घासली तर कुठलीही सुरी कागद कापते, ती धार टिकणार किती ते स्टीलवर आणि त्याला पाणी कसं दिलंय (तापवून, थंड करून कडक कसं केलंय) त्यावर ठरतं आणि नेमकं तेच फोटोत दिसत नाही. म्हणून पहिलं स्टीलचं नाव विचारा. नुसतं 'हाय कार्बन' असं उत्तर आलं तर मी तरी घेणार नाही. १०९५, ५२१०० असं काहीतरी ठोस सांगता आलं पाहिजे. मग टेंपरिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला परत थोडं तापवणं) किती तापमानाला केलं, हार्डनेस मोजला का, कशावर मोजला. किचनच्या सुरीला ५८ ते ६२ रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप) चांगलं, फार मऊ राहिलं की धार वाकते आणि टेंपरिंग नीट झालं नसेल तर धारेचे बारीक तुकडे उडतात. जो स्वतः भट्टीसमोर उभा राहतो तो हे सगळं आवडीने सांगतो.

भटक्या: +१. दमास्कसचं म्हणाल तर पात्याच्या पाठीचा (धारेच्या विरुद्ध कडेचा) क्लोजअप मागवा. खऱ्यात दोन स्टील भट्टीत जोडलेली असतात त्यामुळे रेषा पाठीवरूनही जाताना दिसतात, वरवर छापलेली नक्षी बहुतेक वेळा कडेलाच संपते. आणि नक्षीने कापणं सुधारत नाही हां, धारेला कुठलं स्टील येतं तेवढं विचारा.

खलबत्ता: हे माहीतच नव्हतं, थँक्स! गंजाचं काय पण?

ऐरण: १०९५ आणि ५२१०० दोन्ही गंजतात, वापरून झालं की लगेच धुऊन कोरडी करायची, सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही. हळूहळू करडा-निळसर थर येतो तो चांगला, लाल डाग आला तर मात्र लगेच काढा. डी२ नावाचं आणखी एक स्टील मिळतं, त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असतं तरी ते पूर्ण स्टेनलेस नाही. एवढी काळजी घरात सगळ्यांकडून होणार नसेल तर सरळ स्टेनलेसमध्येच बनवून मागा, चांगले कारागीर त्यातही करतात.

भटक्या: हातात आली की मुठीकडून टोकाकडे नजर लावून पातं सरळ आहे का बघा, मूठ आणि लोखंडाच्या मधे नख फिरवा, फट लागली तर तिथे पाणी शिरणार. आणि ऑर्डर देतानाच विचारा, तडा गेला किंवा मूठ सुटली तर परत घेणार का.