हत्तीचं क्षेत्रफळ मोजायला करदात्यांनी पैसे का द्यावेत?

ऐरोलीचा आप्पा
आमच्या सोसायटीत परवा चहावर इग्नोबेलचा विषय निघाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला 1991 मध्ये अमेरिकेत सुरू झालेले हे पुरस्कार देतात. 2002 चं गणिताचं पारितोषिक केरळ कृषी विद्यापीठाच्या श्रीकुमार आणि निर्मलन यांना मिळालं, भारतीय हत्तीच्या अंगाचं एकूण क्षेत्रफळ काढायच्या सूत्राबद्दल. त्याच्या आदल्या वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेतल्या दोघांना सार्वजनिक आरोग्याचं, पौगंडावस्थेतली मुलं नाकात बोटं घालतात त्याच्या अभ्यासाबद्दल. कोरडी स्पॅगेटी वाकवली की दोनाऐवजी जास्त तुकडे का होतात, याला 2006 चं भौतिकशास्त्राचं. आणि 2025 चं भौतिकशास्त्राचं कशाला? पास्त्याच्या चीज-मिरीच्या सॉसमध्ये गुठळ्या का होतात याला.

हसलो मनसोक्त. पण मी सगळी नोकरी टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात काढली. तिथे साधं बेअरिंग मागवायचं तरी 'कशासाठी' हा रकाना भरावा लागायचा. आपला देश संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च करतो (2020-21 चा सरकारी आकडा). एवढ्याशा पैशात आधी काय बघायचं? भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की आपल्याकडे पाणी कुठे कुठे तुंबतं ते बघा आधी. कुतूहल असावं, जरूर असावं. पण स्वतःच्या खिशातून.

वागळे इस्टेट
शंभर टक्के सहमत. प्रमोशनसाठी पेपर, पेपरसाठी विषय, विषयासाठी हत्ती.

डॉ. टाके
ठाण्यात सर्जरी करतो, म्हणून हत्तीबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे. शरीराचं क्षेत्रफळ ही गंमत नाही. केमोथेरपीची बरीच औषधं चौरस मीटरवर मोजून देतात. भाजलेला पेशंट आला की पहिला प्रश्न, किती टक्के अंग भाजलंय? त्यावर सलाईन किती द्यायचं ते ठरतं. माणसासाठीचं ड्युबॉय सूत्र 1916 चं आहे आणि ते फक्त नऊ माणसांच्या मापांवर बेतलेलं होतं. तेव्हा कोणी 'कशासाठी' विचारून नऊ माणसांना घरी पाठवलं असतं तर? केरळवाल्यांनी खांद्याची उंची आणि पुढच्या पायाचा घेर, एवढ्या दोन मापांवर हत्तीचं सूत्र बसवलं. ज्या राज्यात देवळादेवळांत हत्ती पाळलेले आहेत, तिथल्या पशुवैद्याला त्याचा उपयोग नाही असं कोण म्हणेल?

आता आप्पांच्या बाजूनेही बोलतो. आमच्याकडे एमएस व्हायला प्रबंध सक्तीचा असतो. दरवर्षी तेच पित्ताशयाचे खडे, तोच हर्निया, आकडे थोडे इकडेतिकडे. ते प्रबंध परीक्षकाशिवाय कोणी उघडत नाही. पैसा आणि वेळ वाया जातो तो तिथे. पण त्याला कोणी हसत नाही, कारण शीर्षक गंभीर असतं!

नौपाड्याची अन्नपूर्णा
सॉसच्या गुठळ्यांवर हसणाऱ्यांनी एकदा पन्नास लिटर कढी करून दाखवावी. त्या पेपरचं म्हणणं थोडक्यात असं: गरम झालं की चीजमधली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, मधे पुरेसा स्टार्च असेल तर चिकटत नाहीत. चीजच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च लागतो. आपण ताकाला बेसन लावतो ते याचसाठी, नाहीतर कढी फुटते.

वागळे इस्टेट
मग आजीला माहीत होतंच की. पेपर कशाला?

नौपाड्याची अन्नपूर्णा
आजीला तिच्या पातेल्यापुरतं माहीत होतं. मी केटरिंग करते. मोठ्या टोपात तळाची कढी उकळत असते तेव्हा वरची कोमट असते. ताक आज आंबट, उद्या कमी. अंदाजाने बेसन घातलं तर एकदा पिठलं होतं आणि एकदा चोथापाणी. टक्का कळला तर मी नव्या मुलीला कागदावर लिहून देऊ शकते. चव बघून कळेल असं तिला किती वर्षं सांगत बसू?

ऐरोलीचा आप्पा
ताई, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तुम्हाला गरज आहे, तुम्ही शोधा, किंवा तुमच्यासारख्या पन्नास जणी मिळून कोणाला तरी कामाला लावा. 1955 मध्ये आणंदला दुग्धतंत्रज्ञ दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली. बाहेरचे तज्ज्ञ होणार नाही म्हणत होते, पण शेतकऱ्यांचं उरलेलं दूध समोर होतं. आधी गरज, मग शोध. आणि डॉक्टर, उपयोगी पडलेली सूत्रंच आपल्याला आठवतात. लॉटरी लागलेल्यांचेच फोटो दुकानात लावतात, तसं हे आहे.

खारघर स्कॉलर
भौतिकशास्त्रात पीएचडी करतेय, त्यामुळे पक्षपाती आहे, आधीच सांगते. 1920 मध्ये सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये मृदंग-तबल्यावर टिपण लिहिलं. साध्या चामड्याच्या ढोलाचे उपस्वर सुरात बसत नाहीत. आपल्या वाद्यांत मधोमध शाई, म्हणजे तो काळा लेप, भरली की ते बसतात. याची गरज कोणाला होती? तबलजीला नाही, तो शतकानुशतकं शाई लावतच होता. दलायांना काय मिळवायचंय ते आधीपासून माहीत होतं. ज्याला प्रश्नच अजून सुचलेला नाही, त्याने 'कशासाठी'च्या रकान्यात काय लिहायचं?

ऐरोलीचा आप्पा
रामन यांचंच घ्या. 1917 पर्यंत ते सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते आणि प्रयोग करायचे ऑफिसच्या वेळेबाहेर. स्वतःचं कुतूहल, स्वतःचा वेळ.

खारघर स्कॉलर
आणि प्रयोगशाळा? ती महेंद्रलाल सरकारांनी 1876 मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून उभारलेली. नंतरची प्राध्यापकीही तारकनाथ पालितांच्या देणगीतली.

ऐरोलीचा आप्पा
देणगी! तेच तर म्हणतोय मी. कर आणि देणगी यांत फरक आहे. देणगीदार मनापासून देतो, माझ्याकडून मात्र कापून घेतात.

जुना पनवेलकर
आमच्या नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. रोज बाजूने जाणाऱ्यांनाही आत काय चालतं ते ठाऊक नसतं. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायला लागले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने यंत्रं बिघडणार, म्हणून 1904 साली अलिबागला दुसरी वेधशाळा काढली. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वहीत नोंदलं गेलं, चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. ती वही 2003 मध्ये कामाला आली: पनवेलच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्यावरून त्या वादळाचा जोर काढला. मार्च 1989 मध्ये त्याहून पुष्कळ लहान वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास घालवली होती. आता महापारेषणच्या, म्हणजे राज्याच्या वीजवहन कंपनीच्या, अभियंत्याने 'जास्तीत जास्त किती वाईट होऊ शकतं' असं विचारलं, तर उत्तराची सुरुवात त्या वहीपासून होते.

ऐरोलीचा आप्पा
छान माहिती, खरंच. पण कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने जहाजांच्या सोयीसाठी काढली होती. कंपनी सरकार कुतूहलावर दमडी खर्च करणारं नव्हतं! शिवाय ही नोंद झाली. पाऊस मोजतात तशी. नोंदींना माझा विरोध कधीच नव्हता.

कळवा-पारसिक
मग बोलीभाषांचं काय? भाषाशास्त्रज्ञ घाटगे यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यातला एक खंड ठाणे जिल्ह्यातल्या वारलीचा आहे. जहाजांची सोय नाही, कोणी देणगीदार नाही, गिऱ्हाईक नाही. तेव्हाची वारली आता ऐकायची म्हटली तर मिळणार नाही, कारण तेव्हाचे बोलणारेच गेले. मी इथल्या गावठाणांतून आगरी रेकॉर्ड करते. घरात पंचाहत्तरीच्या आजीबाई आहेत तोवर काम होतं, नंतर कितीही अनुदान आलं तरी उपयोग शून्य. खर्च किती? मोबाइल आणि रिक्षाभाडं. तेवढ्यासाठीही अर्जात 'समाजाला अपेक्षित लाभ' लिहावा लागतो आणि मी दर वेळी काहीतरी खोटं लिहिते.

डॉ. टाके
खोटं लिहावं लागतं हे मात्र खरं. आमच्याकडेही.

वागळे इस्टेट
म्हणजे करदात्याला फसवता हे कबूल!

कळवा-पारसिक
रकान्याला फसवते. आजीबाईंना नाही आणि तुम्हालाही नाही. टेप ऐकायला या कधीही.

ऐरोलीचा आप्पा
ठीक आहे, व्यवहाराचं बोलू. शंभरातले नव्वद रुपये ठरलेल्या कामाला: पाणी, रोग, शेती, बॅटऱ्या. दहा रुपये तुम्हाला, 'कशासाठी' न विचारता. पण वर्षाअखेर काय सापडलं ते मराठीत एका पानावर लिहायचं, आणि काहीच सापडलं नसेल तर तसं लिहायचं. नाकाचा अभ्यास दहातून करा, माझी ना नाही. नव्वदातून हत्तीला एक पैसा मिळणार नाही.

नौपाड्याची अन्नपूर्णा
कढी नव्वदात की दहात?

ऐरोलीचा आप्पा
कढी नव्वदात. पास्ता दहात.

डॉ. टाके
प्रथिनं तीच, स्टार्च तोच, आणि खाती दोन?

खारघर स्कॉलर
आप्पा, पान मी आजच लिहून देते, काहीच सापडलं नाही हेही लिहिते. दहा कशाला, पाचच द्या. पण फेलोशिप महिन्याच्या महिन्याला जमा होऊ द्या. गेले काही महिने घरभाडं भावाच्या पगारातून जातंय. तुमच्या हिशेबाने तो माझा देणगीदार झाला, पण मनापासून देतो असं काही तो म्हणत नाही.