रात्रीची विमानं खाडीकडे वळवा, खिडक्यांचं नंतर बघू

खाडीकाठ (मूळ लेखन; पुढे प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. आवाजाबद्दल पनवेल-उलवे पट्ट्यात दोनच मागण्या ऐकू येतात: रात्रीची विमानं बंद करा, नाहीतर घरांना दुहेरी काचा द्या. मला तिसरा मार्ग मांडायचा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत विमानं पश्चिमेकडे उडावीत आणि पश्चिमेकडूनच उतरावीत.

धावपट्टी ०८/२६, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम: विमानाचं तोंड पूर्वेला असेल तर तिला ०८ म्हणतात, पश्चिमेला असेल तर २६. पूर्वेला पनवेल, नवीन पनवेल, त्यामागे प्रबळगड-माथेरानची रांग. पश्चिमेला उलव्याचा पट्टा ओलांडला की न्हावा गावाची बाजू आणि खाडी. लॉस एंजेलिसला मध्यरात्रीपासून सकाळी साडेसहापर्यंत हेच करतात. येणारं विमान समुद्रावरून येतं, जाणारं समुद्राकडे जातं.

नियमांवर विसंबून का भागणार नाही, ते आकड्यांतच बघा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २०१८ मध्ये विमानतळ परिसरासाठी वेगळ्या मर्यादा आल्या: वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त ये-जा असेल तर दिवसा ७०, रात्री ६५. या सगळ्या सरासऱ्या आहेत. समजा, डोक्यावरून गेलेल्या एका विमानाची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात गोळा केली तर ८५ डेसिबल भरते. रात्रीच्या आठ तासांचे २८,८०० सेकंद. अशी ६० विमानं गेली तर रात्रीची सरासरी ५८ येते. ६५ गाठायला २८८ विमानं लागतात, म्हणजे दर १०० सेकंदांना एक. रात्रभर दर १०० सेकंदांनी झोप मोडली तरी कागदावर सगळं नियमात. म्हणून मर्यादा पाळा एवढं म्हणून थांबता येत नाही, विमान कुठून जातं तेच बदलायला हवं.

धावपट्टी २६

हिशोब बरोबर आहे. प्रस्ताव वाऱ्यावर अडतो.

विमान वाऱ्याला तोंड करून उतरतं आणि उडतं. आवाजासाठी धावपट्टी निवडायची तर आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेची मर्यादा स्पष्ट आहे: झोतांसकट मागचा वारा ५ नॉट (ताशी सुमारे ९ किलोमीटर) किंवा आडवा वारा १५ नॉटच्या वर गेला की आवाजाचा विचार मागे पडतो. धावपट्टीवर पाणी साचलं, दृश्यमानता फार घटली, तरी तेच. कोकणात जून ते सप्टेंबर वारा नैऋत्य-पश्चिमेचा. म्हणजे २६ वरच उतरायचं आणि २६ वरूनच उडायचं. येणारी विमानं पनवेलवरूनच येणार. ते चार महिने तुमच्या प्रस्तावातून वजा करा.

हिवाळ्यात रात्री मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे. तेव्हा पश्चिमेकडून ०८ वर उतरणं सोयीचं, पण पश्चिमेला उडणं मागचा वारा घेऊन. वारा मंद असेल तर तेही जमतं. खरी अडचण पुढे आहे. एकाच दिशेने येणारी आणि त्याच दिशेला जाणारी विमानं समोरासमोर येतात. उतरणारं विमान धावपट्टी सोडेपर्यंत उडणारं थांबतं आणि ते वळून बाजूला जाईपर्यंत पुढचं दूर थोपवावं लागतं. तासाला सहा-आठ विमानं असतील तर निभेल, पंचवीस असतील तर अशक्य. शेजारच्या मुंबई विमानतळाच्या वाहतुकीशी सांगड घालायची ती वेगळीच. लॉस एंजेलिसला चार धावपट्ट्या आहेत आणि टोकापुढे उघडा समुद्र.

त्यापेक्षा उड्डाणाची पद्धत लिहून घ्या. आवाज कमी करायच्या उड्डाण-पद्धती दोन. पहिलीत ८०० फुटांच्या वर इंजिनाचा जोर कमी करतात, वेग न वाढवता ३,००० फुटांपर्यंत चढत राहतात आणि मग फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आत घेतात. फायदा धावपट्टीलगतच्या वस्तीला. दुसरीत ८०० फुटांच्या वरच नाक खाली करून वेग वाढवत फ्लॅप आत घेतात. फायदा दूरच्या वस्तीला. उलव्यासाठी पहिली हवी. विमान कंपनीला दुसरी आवडते, कारण इंधन वाचतं. आग्रह धरला नाही तर दुसरीच वापरली जाईल.

गावठाण

दोघांनाही एकच विचारते. पश्चिमेला उलव्याचा पट्टा ओलांडला की खाडी, असं खाडीकाठ यांनी एका वाक्यात उरकलं. त्या पट्ट्यात माणसं झोपतात. दहा गावं याच जमिनीसाठी उठली, त्यातली बरीच घरं आसपासच वसली.

तीन अंशांच्या उताराने येणारं विमान धावपट्टीच्या टोकापासून २ किलोमीटरवर जेमतेम १२० मीटर उंच असतं आणि ५ किलोमीटरवर २८० मीटरच्या आसपास. पनवेलची झोप वाचवायला येणारी आणि जाणारी दोन्ही विमानं रात्रभर पश्चिमेला लोटली तर धावपट्टीजवळच्या घरांवरची संख्या दुप्पट होते. संख्या दुप्पट झाली की सरासरीत फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून कागदावर ते क्षुल्लक दिसतं. तुम्हीच वर सरासरी फसवते म्हणालात, मग तोच निकष इथेही लावा. ज्यांनी जमीन दिली त्यांनीच आवाजही घ्यायचा, हे मान्य नाही.

चिरेबंदी

वाद दिशेचा चाललाय, पण विमान कुठूनही आलं तरी कुणाच्या तरी डोक्यावर येणारच. म्हणून घरांचं काम टाळता येणार नाही, आणि दुहेरी काचा ही मागणी आपल्याकडे अर्धवट आहे.

आवाज भिंतीतून कमी येतो, फटीतून जास्त. खोलीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा १ टक्का भाग उघडा असला तर बाकी सगळं कितीही भक्कम असो, अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. १० टक्के उघडा असेल तर १० डेसिबल. जांभ्या चिऱ्याची भिंत जड असते, ती आवाज उत्तम अडवते. पण वर मंगळुरी कौलं असतात आणि कौलांच्या सांध्यात फटीच फटी. विमानाचा आवाज वरून येतो. अशा घराची खिडकी बदलून पैसे वाया जातात. आधी कौलांखाली छत घ्यावं लागतं.

छताला जिप्सम बोर्ड वापरू नका, खाऱ्या दमट हवेत ते फुगतं. ८ ते १० मिलिमीटरचे सिमेंट बोर्ड दोन थरांत, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे, वर ५० ते ७५ मिलिमीटर रॉकवूल (दगडी लोकर). कौल गळलं की रॉकवूल भिजून बसतं आणि निकामी होतं. म्हणून कौलं शाकारून घेतल्याशिवाय छताला हात लावू नये आणि रॉकवूलच्या वर ओलावा अडवणारी चादर हवी. पत्र्याच्या छपराला आणखी एक त्रास: उड्डाणाचा खोल घरघराट पत्रा थरथरवतो. सगळे बोल्ट रबरी वॉशर घालून आवळले तर त्यातला बराच कमी होतो. हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि कुठल्याच योजनेत नसतं.

इमारतींमध्ये दोष सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचा. तिच्या कडेला ब्रशची पट्टी असते, ती धूळ अडवते, आवाज नाही. बिजागरीची, रबरी गास्केटवर दाबून बसणारी खिडकी हवी, त्यात लॅमिनेटेड काच. जुनी खिडकी ठेवायची असेल तर आतून ५० ते १०० मिलिमीटर अंतर सोडून दुसरी खिडकी बसवा. दोन काचांमधलं हे अंतर महत्त्वाचं. बाजारातल्या दुहेरी काचेत ते १२ मिलिमीटर असतं, ते उष्णतेसाठी ठीक, विमानाच्या खालच्या पट्टीच्या आवाजासाठी फार कमी.

खाडीकाठ

चिरेबंदी, तांत्रिक बाजू पटली. पण मे महिन्यात पनवेलला खिडकी बंद करून झोपायचं म्हणजे एसी लावायचा. बिल कोण भरणार? खिडकी उघडली की तुमचं सगळं काम १० डेसिबलवर येतं. म्हणून मी अजूनही म्हणतो, आधी आकाशातलं बघा.

चिरेबंदी

बिलाचा मुद्दा खरा आहे. म्हणून खिडकीबरोबर हवेची सोय मागायची: आतून आवाज शोषणारं अस्तर लावलेली, दोन काटकोनी वळणांची हवेची नळी आणि तिला कमी वॉटचा पंखा. एसी नसला तरी हवा खेळते. ही नळी नसलेली कुठलीही योजना कोकणात पहिल्या उन्हाळ्यातच निकालात निघेल, लोक खिडक्या उघडतील. आणि फक्त झोपायच्या खोल्या घ्या, सगळं घर नको. तेवढ्या पैशात तिप्पट घरं होतील.

गावठाण

आणि योजनेत बसणार कोण? गावठाणाबाहेरची गरजेपोटी बांधलेली घरं अजून कागदोपत्री अडकलेली आहेत. भोगवटा प्रमाणपत्र मागितलं की नेमकी धावपट्टीजवळची घरं बाहेर पडतात आणि दूरचे टॉवर आत येतात. पात्रता नकाशावरच्या आवाजाच्या रेषेवरून, म्हणजे ठरावीक आवाज कुठवर पोचतो ते दाखवणाऱ्या रेषेवरून ठरवा, सातबारा किंवा बांधकाम परवान्यावरून नको. आवाज कागद बघून आत येत नाही.

सड्यावरून

दक्षिण कोकणातून एक मुद्दा. उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, तसा आवाजासाठी इमारतीला कुठलाच दाखला लागत नाही. त्यामुळे रेषेच्या आत नव्या सदनिका चढतच जातात, आणि आज शंभर घरांचा असलेला प्रश्न दहा वर्षांनी दहा हजारांचा होतो. नव्या बांधकामात गास्केटची खिडकी आणि हवेची नळी सुरुवातीलाच बसवणं जुनं घर उकरून बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. बांधकाम परवानगीतच ती अट घाला.

सिंधुदुर्गातला परुळे-चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, धावपट्टी २,५०० मीटर. तिथे फेऱ्या इतक्या कमी की आवाजाच्या नकाशाचा विषयही कुणी काढत नाही. नेमकी हीच वेळ आहे. विमानतळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, त्यामुळे जमिनीवरच्या इंजिनांचा आवाज सड्याची कड अडवते आणि उतारावरच्या वाड्यांना बराच आडोसा मिळतो. पण धावपट्टीच्या रेषेत सड्यावरच प्लॉट पडले तर तो आडोसा कामाचा नाही. रत्नागिरीलाही आत्ताच रेषा आखून ठेवावी.

गावठाण

रेषा आखा म्हणणं सोपं आहे. विमानतळबाधितांना घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के योजनेचे भूखंड मिळाले ते पुष्पकनगरसारख्या, विमानतळाच्या कुशीतल्या जागी. नकाशावर लाल रेषा आली की त्याच भूखंडाचा भाव पडणार. लोक नकाशाला विरोध करतात तो अज्ञानातून नाही. रेषेबरोबर भरपाई किंवा वाढीव चटईक्षेत्र दुसरीकडे वापरायची मुभा द्या, मग नकाशाचं बोला.

धावपट्टी २६

सलग उताराने उतरण्याची मागणीही निवेदनांत दिसते. मध्ये सपाट न उडता एका उताराने आलं की दूरच्या भागात आवाज ५ डेसिबलपर्यंत कमी होऊ शकतो. पण चाकं साधारण २,००० फुटांवर खाली येतात, म्हणजे टोकापासून ११-१२ किलोमीटरवर. त्याच्या आत सगळी विमानं त्याच उतारावर असतात. पनवेल आणि उलव्याला या पद्धतीने जवळजवळ काहीच मिळत नाही. उतार ३ ऐवजी ३.२ अंश केला तर उंचीत सुमारे ७ टक्के वाढ होते आणि आवाजात अर्धा डेसिबल घट. त्यासाठी भांडण्यात शक्ती घालवू नका.

जवळच्यांना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी वेगळ्या. रात्री उतरल्यावर वेग मोडायला इंजिनांचा उलटा जोर फक्त किमान ठेवणं, कोरडी आणि पुरेशी लांब धावपट्टी असेल तेव्हा. स्टँडवर उभ्या विमानाचं शेपटीतलं छोटं इंजिन बंद करून जमिनीवरची वीज आणि थंड हवा जोडणं. इंजिनाच्या चाचण्या रात्री न घेणं. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर असतो. तेव्हा आवाज वर न जाता खाली वाकतो आणि खाडीच्या पाण्यावरून लांबपर्यंत जातो. चाचणीचा आवाज न्हाव्यापर्यंत ऐकू आला तर कारण हे. या आवाजासाठी भिंत उपयोगाची, आकाशातल्या विमानासाठी नाही. झाडांचा पट्टा लावा म्हणणाऱ्यांनाही हेच सांगावं लागतं: शंभर मीटर दाट झाडीने जमिनीवरचा आवाज ५ डेसिबलच्या आसपास घटेल, डोक्यावरचा शून्य.

एअरबस ए-३२० जातीच्या विमानांच्या पंखाखाली गोल छिद्रं असतात. उतरताना त्यांतून बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी शिट्टी निघते. पुढे एक छोटी धातूची पट्टी लावली की ती जाते. लुफ्तान्झाने २०१४ पासून जुन्या विमानांनाही ती बसवली. पट्टी नसलेल्या विमानाला रात्रीचं उतरण्याचं शुल्क जास्त लावा, कंपन्या स्वतःहून बसवतील.

खाडीकाठ

मग संपूर्ण रात्रबंदीच का नको? फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित विमानं बंद आहेत.

धावपट्टी २६

आखाती देशांकडची बरीच विमानं मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान निघतात. हापूस आणि मासळी त्यांच्याच पोटातून जाते. बंदीने कोकणातला बागायतदारही अडकतो. लंडनमध्ये १९९३ पासून गुणांची पद्धत आहे. प्रत्येक विमानाला आवाजाप्रमाणे गुण, दर ३ डेसिबलला गुण दुप्पट, आणि हंगामाला एकूण गुणांची मर्यादा. जुनं बोइंग ७४७-४०० उडताना ४ गुण खातं. तेवढ्यात नव्या पिढीची कितीतरी छोटी विमानं जातात. इथे तीच मागा.

खाडीकाठ

ठीक. गावठाण यांचं म्हणणं मान्य करून प्रस्ताव बदलतो. रात्रभर पश्चिम हा आग्रह मागे घेतो. कोरड्या महिन्यांत, मागचा वारा ५ नॉटच्या आत असेल तेव्हा, एक आठवडा पश्चिम, एक आठवडा पूर्व, अशी आळीपाळी, आणि वेळापत्रक आधी जाहीर. दुसरी समांतर धावपट्टी १,५५० मीटरवर येईल तेव्हा ही आळीपाळी धावपट्ट्यांमध्ये करायची. १५० मीटर उंचीवरून डोक्यावर जाणारं विमान १,५५० मीटर बाजूला गेलं तर नुसत्या अंतरानेच २० डेसिबल घटतात.

आणि मोजणी स्वतंत्र. मोबाइलवरचं ॲप चालणार नाही. पहिल्या वर्गाचं ध्वनिमापक, रोज ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासलेलं, छपरापासून दूर खांबावर. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर असेल किंवा पाऊस असेल तेव्हाची नोंद बाद. पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे रात्रीची पार्श्वभूमीच वर नेतात, म्हणून प्रत्येक नोंद विमानाच्या रेडिओ संकेताशी वेळेनुसार जुळवून बघायची. सरासरीबरोबर प्रत्येक फेरीचा कमाल आवाज आणि रात्री ७० च्या वर किती फेऱ्या गेल्या, हे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत.

गावठाण

आळीपाळीला तयार आहोत, एका अटीवर. पहिली दोन मापकं धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढच्या गावात लागावीत, टॉवरच्या गच्चीवर नाही. आणि ज्या आठवड्यात वाऱ्यामुळे पाळी मोडली, ती पुढच्या आठवड्यात भरून मिळावी. वारा सबब म्हणून वापरला जातोय की खरंच होता, हे कळायला वाऱ्याची तासागणिक नोंदही त्याच फलकावर हवी.